कडेवर बसणारं इंजिन

दौंडच्या हाडांच्या डॉक्टरनं माझा उजवा खांदा वर-खाली, मागं-पुढं फिरवून बघितला. मी प्रत्येक वेळी वेगळ्या सुरात ओरडले. शेवटी तो म्हणाला, आजी, आजपासून वल्हं मारायचं बंद. मी म्हटलं, स्वयंपाक बंद करा की, वल्हं राहू द्या. तो हसला आणि गोळ्या लिहायला लागला. डॉक्टर हसला की समजावं, आपलं म्हणणं त्यानं ऐकलेलं नाही.

आता या वयात मी वल्हं कशाला मारत होते, ते सांगते. आमचं घर भीमेच्या काठावर, दौंड तालुक्यात. पलीकडचा काठ शिरूर तालुका. खाली बंधारा असल्यामुळं मध्ये पाणी तुंबलेलं. आणि बरोबर समोर, पलीकडच्या काठावर, माझी आक्का. सख्खी थोरली बहीण. आमच्या वडिलांनी दोन पोरी एकाच नदीच्या दोन काठांना दिल्या. त्यांना वाटलं असेल, जवळ राहतील पण भांडणार नाहीत. पाणी आडवं आलं म्हणून भांडण थांबतं असं पुरुषांनाच वाटतं.

आक्काकडं सडकेनं जायचं तर पुलाचा वळसा, दोनदा गाडी बदलायची, नाहीतर घरातल्या कुणाची तरी सुट्टी बघायची. होडीनं गेलं तर चहा निवायच्या आत पलीकडं. होडी आमची घरची, पत्र्याची, मूळची चारा आणायला केलेली. आक्काचे गुडघे गेलेत, ती काठ उतरून होडीत बसू शकत नाही. म्हणजे जायचं ते मीच. दर बुधवारी दुपारी जेवणं आटोपली की मी वल्हं घेऊन निघायची. तिचे केस काळे करायचे, माझे ती करायची, आणि केस वाळेपर्यंत दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या नातेवाइकांना नावं ठेवायची. ह्याच्यासारखं औषध त्या डॉक्टरकडं नाही.

वल्हं बंद झाल्यावर पहिल्या बुधवारी मुलगा म्हणाला, आई, मी सोडतो गाडीनं. रांजणगावच्या कंपनीत त्याची रात्रपाळी होती, झोपमोड करून आला बिचारा. आणि आला तो तिथंच खुर्ची टाकून बसला. आता त्याच्यासमोर त्याच्या सासूचा विषय कसा काढणार? आक्का आणि मी दोघी दोन तास उसाच्या भावावर बोललो. मला उसाच्या भावातलं काही कळत नाही, आक्काला त्याहून कमी. घरी आले तेव्हा खांदा कमी दुखत होता आणि पोट जास्त.

त्याच दिवशी मी ठरवलं. मला कुणी नेऊन सोडायला नको होतं. मला जायचं होतं. एकटीनं, माझ्या मनाला येईल तेव्हा, कुणाची पाळी न बघता. वल्हं नाही तर नाही, होडीला मागं इंजिन बसवायचं.

रात्री जेवताना मी हे बोलले आणि घरात एकदम सगळे इंजिनातले तज्ज्ञ झाले. मुलगा मेंटेनन्समध्ये आहे, त्याच्या कंपनीत काहीही घ्यायचं तर आधी कागदावर फायदे आणि तोटे लिहितात. त्यानं लगेच कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या मागं रेघ मारली. एका बाजूला टू-स्ट्रोक, दुसऱ्या बाजूला फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोक म्हणजे आपल्या जुन्या स्कुटरी होत्या तसलं. पेट्रोलमध्येच मापानं ऑइल मिसळून टाकायचं, आवाज फार, धूर फार, पण हलकं आणि सरळसोट. फोर-स्ट्रोक म्हणजे आत्ताच्या मोटारसायकलींसारखं. ऑइल वेगळं, पेट्रोल वेगळं, पेट्रोल कमी पिणार, आवाज गोड, पण अंगानं जड. फोर-स्ट्रोकच्या खाली फायद्यांची ही एवढी रांग झाली. टू-स्ट्रोकच्या खाली नवरीच्या मामाचं नाव दिसत होतं, तेवढंच.

मला टू-स्ट्रोक हवं होतं. एकाच कारणासाठी. आमच्या काठावर रात्री काही ठेवलं तर सकाळी सापडत नाही. पाण्याच्या मोटारी जातात, केबली जातात, एकदा फुटबॉल गेला. म्हणजे होडीचं इंजिन रोज सोडून घरी आणायचं आणि जाताना परत न्यायचं. काठ चढणीचा, काळ्या मातीचा. जड इंजिन आणलं की ते न्यायला-आणायला मुलगा लागणार, मुलगा आला की तो म्हणणार चल सोडतोच, आणि सोडलं की खुर्ची. मला उसाचे भाव पाठ करायचे नव्हते.

पण आमच्या ह्यांनी ताटावरून हात वर केला. हे रेल्वेत होते, दौंडलाच सगळी नोकरी झाली, त्यामुळं हात वर केला की सगळ्यांनी थांबायचं अशी त्यांची समजूत आहे. म्हणाले, "टू-स्ट्रोकचं नाव ह्या घरात काढायचं न्हाई. आपली मोपेड ईसरला का?"

मुलगा म्हणाला, मी तेव्हा चड्डीत होतो आबा. तरी ह्यांनी ती गोष्ट सांगितलीच. नवी कोरी मोपेड, दोन वर्षं झाली नव्हती, रेल्वेच्या फाटकापाशी जी जाम झाली ती झाली. टू-स्ट्रोक ही जातच बेभरवशाची. ही गोष्ट त्यांनी रेल्वे कॉलनीत सांगितली, लग्नांत सांगितली, एका मयतीत सांगितली. त्यांच्या शब्दावर किती लोकांनी टू-स्ट्रोक गाड्या घेतल्या नाहीत, देवाला ठाऊक.

मी खाली मान घालून भात कालवत होते. कारण मोपेड का जाम झाली ते जगात फक्त दोघांना ठाऊक होतं. एक मी, आणि दुसरा दौंडचा मेकॅनिक, जो कधी बोलला नाही.

आता त्या वेळच्या बाईबद्दल सांगावं लागेल. मी तिला 'मी' म्हणत नाही, मला लाज वाटते. अठ्ठावीस वर्षांची, अंगानं काटकी, आणि दहावीला विज्ञानात एकोणसत्तर मार्क. ते मार्क ती कुंकवासारखे कपाळावर लावून हिंडायची. सासूबाईंनी चुलीत लाकूड घातलं की ही प्राणवायूबद्दल बोलायची. वाडीत मोपेड चालवणारी पहिली बाई तीच, त्यामुळं रस्त्यातल्या कोंबड्यासुद्धा आपल्याकडं आदरानं बघतात असं तिला वाटे. कोंबड्या जीव वाचवायला पळत होत्या.

मोपेड ह्यांची, ड्युटीवर जायची. पण ह्यांची सुट्टी असली की बाई दौंडच्या बाजाराला मोपेडवरून जायची. एका रविवारी बघते तर मोपेडच्या ऑइलचा डबा रिकामा. पेट्रोलमध्ये घालायला काही नाही. दुसरी बाई असती तर एस.टी.नं गेली असती. पण एकोणसत्तर मार्कवालीनं विचार केला की तेल कशासाठी घालतात? गुळगुळीत व्हावं म्हणून. मग तेल म्हणजे तेल. स्वयंपाकघरात आपल्याच शेतातल्या करडईचं, घाण्यावरून आणलेलं तेल डबाभर होतं. तिनं पळी भरून घेतली, जरा अंदाज केला, आणि अर्धी पळी सासूबाईंच्या नकळत जास्तीची टाकली. गाडीचेही लाड व्हावेत.

वाईट असं की मोपेड चालली. नुसती चालली नाही, पळाली. मागून धूर निघाला तो असा खमंग की पहिल्या वस्तीवरची दोन कुत्री पार पुढच्या ओढ्यापर्यंत मागं आली. दौंडच्या बाजारात तिनं गाडी उभी केली तर शेजारचा कांदेवाला इकडं-तिकडं बघायला लागला, भजी कुठं तळतायत म्हणून. बाई काय फुगली. आपण शोध लावला. कंपनीवाल्यांना एवढं साधं सुचलं नाही, आपल्याला सुचलं. गाडीत तेल-पेट्रोल तीच भरायची, त्यामुळं ह्यांना कळलं नाही. तिनंही सांगितलं नाही, कारण तिला वाटलं आधी महिनाभर चालवून दाखवू, मग चारचौघांत सांगू.

तो महिना भरलाच नाही. करडईचं तेल तापून आटलं की काय होतं, हे भजी तळणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. कढईच्या काठाला चिकटपणा धरतो, घासून निघत नाही. हिला कढई ठाऊक होती, इंजिनही ठाऊक होतं, पण दोन्ही एकदम आठवलं नाही. फाटकापाशी मोपेड खोकली आणि दगड झाली. ढकलत मेकॅनिककडं नेली. त्यानं उघडून आत बोट घातलं, बोटाला काकवीसारखं काहीतरी आलं. त्यानं बोट नाकाशी नेलं. बाईकडं बघितलं. परत बोट नाकाशी नेलं.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "ह्यात काय घातलं होतं?"

बाईनं एकोणसत्तर मार्कांनी सांगितलं, "गाडीच खराब हाय."

आणि संध्याकाळी ह्यांनाही तेच सांगितलं. ह्यांनी विश्वास ठेवला. वर मेकॅनिकनं दुरुस्ती नीट केली नाही म्हणून त्याच्याशी बोलणं टाकलं. तो भला माणूस, त्यानं तेही ऐकून घेतलं.

तर अशी त्या ताटावर माझी पंचाईत. बोलावं तर बाई उघडी पडते, गप्प बसावं तर फोर-स्ट्रोक घरात येतं. मी भात खाल्ला.

खाली उजनी धरणाच्या फुगवट्यावर पक्षी दाखवायला होड्या चालतात. तिथल्या एका नाववाल्याकडं दोन्ही जातींची जुनी इंजिनं विकायला आहेत असं मुलाला कळलं. रविवारी तो आणि मी पिकअप घेऊन गेलो. नाववाला दिलदार निघाला. म्हणाला, दोन्ही न्या, आपल्या पाण्यात चालवून बघा, एक ठेवा, एक परत आणा. मग त्यानं फोर-स्ट्रोकवर थाप मारून बजावून सांगितलं की हे उभंच ठेवा. आडवं ठेवायची वेळ आलीच तर ह्याच कुशीवर, हँडल वर राहील असं. दुसऱ्या कुशीवर झोपवलं तर आतलं ऑइल नको तिथं जातं. आणि टू-स्ट्रोक? ते कसंही टाका, त्याला आईबाप नाहीत.

मुलगा तेव्हा फोनवर होता, सुपरवायझरशी. त्यानं "हो हो, कळलं" म्हटलं, ते नाववाल्याला म्हटलं का सुपरवायझरला, मला अजून कळलेलं नाही. मग पिकअपमध्ये उसाचं वाढं, शेंड्याकडचा हिरवा पाला, अंथरून त्यानं दोन्ही इंजिनं झोपवली. फोर-स्ट्रोकचं हँडल मोडू नये म्हणून ते खाली मऊ वाढ्यात खुपसलं. अगदी प्रेमानं. बरोबर चुकीच्या कुशीवर.

मी बघितलं. आणि मी गप्प बसले.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इथं लिहिते आहे, कारण आमच्या घरात कुणी इतकं मोठं काही वाचत नाही. वाटभर मी गाणी म्हणत आले. खड्डा आला की मागं वळून बघायची. मुलाला वाटलं, आईला इंजिनाची काळजी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं घर काठावर. पाबळला हे काम शिकून आलेल्या फॅब्रिकेशनवाल्यानं होडीच्या मागं इंजिन अडकवायला पट्टी वेल्डिंग करून दिली होती. मुलानं आणि ह्यांनी मिळून फोर-स्ट्रोक उचलून त्यावर बसवलं. दोघांना घाम. ह्यांनी त्या दिवशी पांढरा शर्ट घातला होता, पेटीतला, कारण उद्घाटन. नात फोनवर व्हिडिओ काढायला तयार. सूनबाई उपकेंद्रात नर्स आहे, तिला कामाला उशीर होत होता, तरी थांबली.

मुलानं दोरी ओढली. दोरी हललीच नाही. पाय लावून ओढली. नाही. मग तो म्हणाला, थांबा, प्लग काढून बघतो. त्यानं प्लग काढला, बाजूला ठेवला, आणि जोरात दोरी ओढली. ह्या वेळी दोरी सरकन आली आणि प्लगच्या भोकातून काळ्या ऑइलची पिचकारी निघाली ती थेट, मागं हात बांधून देखरेख करणाऱ्या आमच्या ह्यांच्या शर्टावर. गळ्यापासून खिशापर्यंत. नातीच्या व्हिडिओत त्यानंतर फक्त आभाळ आहे, कारण ती हसून खाली बसली.

मुलगा शर्टाकडं बघत राहिला. कंपनीत यंत्रांचे भाग आले की हा माणूस प्रत्येक खोक्यावर 'ही बाजू वर' अशी चिठ्ठी आहे का ते बघतो. मग त्यानं इंजिनाकडं बघितलं, आणि म्हणाला, "इंजिनच खराब निघालं."

तेच वाक्य. तोच सूर. पोरगा रंगानं ह्यांच्यावर गेलाय, पण खोटं बोलण्यात माझ्यावर.

ह्यांनी मात्र निकाल देऊन टाकला. शर्ट झटकायचा प्रयत्न करत म्हणाले, हे खराब, ते तर टू-स्ट्रोकच. दोन्ही आत्ताच्या आत्ता परत. इंजिन नको आन् होडीही नको. होडी वर ओढा, शेळ्यांना पाणी ठेवायला होईल. आक्काकडं महिन्यातून एकदा पोरगा गाडीनं सोडेल.

महिन्यातून एकदा. खुर्चीसकट. मी पलीकडं बघितलं. आक्काचं पत्र्याचं छप्पर उन्हात चमकत होतं, एवढं जवळ की तिनं वाळत घातलेलं लुगडं मला ओळखू येत होतं. आणि शेळ्या आमच्या होडीत पाणी पिणार. मग मी बोलले.

"इंजिन खराब न्हाई," मी म्हटलं. "चुकीच्या कुशीवर झोपवून आणलंय. नाववाला सांगत होता."

मुलगा लाल झाला. ह्यांनी विचारलं, "तुला काय कळतंय इंजिनातलं?"

"कळतंय. मोपेडही खराब नव्हती. मी तिच्यात करडईचं तेल घालत होते."

मी सगळं सांगितलं. पळी सांगितली, जास्तीची अर्धी पळी सांगितली, मेकॅनिकचं बोट सांगितलं. सूनबाई तोंडावर पदर धरून उभी होती, तिचे खांदे हलत होते. मी ह्यांच्याकडं बघायचं टाळत होते. पस्तीस वर्षं हा माणूस माझं खोटं दारोदार वाटत हिंडला होता.

ह्यांनी नाक वर करून काहीतरी आठवल्यासारखं केलं. मग म्हणाले, "म्हंजी तवा मी ड्युटीवरनं आलो की अंगणात भज्यांचा वास यायचा, तो..."

"गाडीचा."

"मला वाटायचं, तू भजी करतीस. आन् सगळी एकटी खातीस, मला ठेवत न्हाईस."

"पस्तीस वर्षं असं वाटत होतं?"

"मग. मी कवा बोललो का?"

"का न्हाई बोललात?"

ह्यांनी शर्टावरचं ऑइल बोटानं पुसलं आणि ते बोट पँटीला पुसलं. "म्हटलं, खाऊ दे," म्हणाले.

मी पदर सारखा केला. तो सारखाच होता.

एवढ्यात मुलगा सावरला होता. झाकून घ्यायला त्याला विषय मिळाला. म्हणाला, हे बरं झालं कळलं. आता तर टू-स्ट्रोक आईच्या हातात अजिबातच नको. मिसळायच्या वेळी ती त्यात तूप घालेल. म्हणजे कबुली देऊन मी पुन्हा तिथंच. खरं बोलल्याचा फायदा होतो असं शाळेत शिकवतात, त्यात मला किती मार्क होते आठवत नाही.

तेव्हा सूनबाई पुढं आली. ती कामाशिवाय बोलत नाही, आणि बोलली की दवाखान्यात पेशंटला बोलतात तसं. आधी तिनं माझ्याकडं बघितलं. नाववाला काय म्हणाला ते आत्यांना ठाऊक होतं, तर काल पिकअपमध्ये इंजिन झोपवताना आत्या कुठं बघत होत्या, असं ते बघणं होतं. त्या मेकॅनिकनंतर माझ्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं. पण तिनं विचारलं नाही.

"मामा," ती ह्यांना म्हणाली, "आपल्या घरात वस्तू नीट ठेवणारं एकबी माणूस न्हाई. मग जे कसंही टाकलं तरी रुसत न्हाई, तेच इंजिन घ्यायचं. आन् ऑइल मी मिसळून देईन, मापानं. आत्यांनी फक्त ओतायचं."

मुलगा म्हणाला, पण उचलणार कोण रोज? मी गेले, टू-स्ट्रोकला डाव्या हातानं कवळ घातली, आणि पोर घेतात तसं डाव्या कडेवर घेतलं. पंखा मागं लोंबत, डोकं माझ्या खांद्याशी. भरल्या घागरीएवढं, जास्त नाही. तशीच काठ चढून वर घरापर्यंत गेले आणि परत आले. वाटेत शेजारीण भेटली, तिनं लांबून विचारलं, कुणाचं गं बाळ? मी म्हटलं, आमचंच. जवळ आली तेव्हा दोन पावलं मागं गेली.

खरं सांगायचं तर चांगलं इंजिन ते फोर-स्ट्रोकच. मुलानं त्याला उभं करून, पुसून, प्लग साफ करून दुपारी चालू केलं, तर काय गोड आवाज. शिलाई मशीन चालावी तसा. मुलगा माझ्याकडं बघत होता, मी शेळ्यांकडं. संध्याकाळी तो ते परत देऊन आला, ह्या वेळी उभं बांधून, दोन्ही बाजूंना पोती लावून.

सूनबाईनं पेट्रोलचा कॅन तयार करून दिला. बोटीच्या इंजिनाचं ऑइल वेगळं मिळतं, ते तिनं औषधाच्या मापानं मोजून घातलं. कॅनवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'हेच. दुसरं काही नाही.' आणि तो कॅन स्वयंपाकघराच्या विरुद्ध टोकाला, गोठ्यात ठेवला.

पहिल्या बुधवारी मी एकटी निघाले. इंजिन कडेवर, कॅन हातात, केसांच्या रंगाची पुडी कमरेला. डाव्या हातानं दोरी ओढली, तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. आवाज म्हणजे मळणी यंत्र. काठावरचे सगळे बगळे उठले, पंपाच्या खोलीत झोपलेला माणूस बाहेर आला. अर्ध्यावर गेले तर पंख्यात जलपर्णी अडकली आणि इंजिन बंद. मी इंजिन वर तिरपं केलं, विळ्यानं तो हिरवा गुंता कापून काढला, हात धुतले, परत दोरी ओढली. मुलगा बरोबर असता तर त्यानं हे अर्ध्या वेळात केलं असतं. मला पाऊण तास लागला. फार छान गेला तो.

पण पलीकडं पोचले तर काय. आवाज ऐकून आक्काची सगळी वस्ती काठावर जमलेली. आक्काच्या दोन्ही सुना, तिची जाऊ, जावेची व्याहीण, आणि ज्या भावकीतल्या माणसाबद्दल मला त्या दिवशी खास बोलायचं होतं तो स्वतः, इंजिनाला हात लावून बघायला. चढ चढून वर गेले तर आक्का दारात उभी. गुडघे धरून, रागानं लाल.

"एवढा बोभाटा करत येतात व्हय?" ती कानाशी म्हणाली. "ज्यांना नावं ठेवायची ती सगळी हितंच गोळा झाली. आता काय देवाला नावं ठेवायची?"

त्या दिवशी खरंच काही बोलता आलं नाही. माणसं उठेनात. इंजिन किती पळतं, किती पेट्रोल पितं, प्रत्येकानं तीनदा विचारलं. निघताना आक्का म्हणाली, पुढच्या वेळी अलीकडंच बंद कर आणि गुपचूप ये.

पुढच्या बुधवारी मी तसंच केलं. तीन हिस्से नदी पार झाली, पाण्याचा आणि वाऱ्याचा कल बघितला, आणि इंजिन बंद केलं. होडी आपल्याच वेगानं सरकत राहिली. हातात बांबू, तेवढा खांदा चालतो. लगेच कमरेचा फोन वाजला. मागं वळून बघितलं तर आमच्या काठावर हे उभे, ठिपक्याएवढे.

"आवाज थांबला," म्हणाले. "बंद पडली का?"

"न्हाई. मी बंद केलीय."

"का?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"बरं," म्हणाले, आणि तिथंच उभे राहिले.

होडी झाडाखाली लागली. एक कुत्रं सुद्धा उठलं नाही. मी इंजिन कडेवर घेऊन मागच्या बाजूनं वर गेले. आक्का ओट्यावर केस मोकळे सोडून बसली होती. मी जवळ जाऊन खोकले तशी केवढी दचकली, आणि मला म्हणाली, चोरासारखी यायला कुणी सांगितलं होतं. मग दार लोटून घेतलं, रंगाची वाटी कालवली, इंजिनाला कोपऱ्यात पोत्यावर कसंही झोपवलं.

"हां," आक्का पाठ करून बसत म्हणाली. "आज सुरवात तुझ्या नवऱ्यापासनं कर."

मी ब्रश तिच्या भांगात टेकवला. आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाविरुद्ध मला काही सुचेना. आक्का वाट बघत होती.

मग सुचलं.